लॉग वाचणारे मेश्राम भाऊ

आमच्या ऑफिसात सकाळचा चहा आला की मेश्राम भाऊ कपाला हात लावत नाहीत. आधी सर्व्हरसमोर खुर्ची ओढतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि काळ्या पडद्यावरची लॉग फाइल मोठ्यानं वाचायला लागतात. लॉग म्हणजे सर्व्हरनं आपली आपणच लिहिलेली रोजची नोंदवही. कोण आलं, काय मागितलं, कुठे अडलं, सगळं. भाऊ ओळ न ओळ वाचतात, मधेच म्हणतात, "असं काहून रे बावा?" तोवर चहाचं पाणी होतं, आणि मग चहा थंड म्हणून ओरडाही तेच करतात!

बालाघाटातली आमची रक्तदात्यांची संस्था म्हणजे दोन खोल्या, एक फोन आणि लिनक्सवर चालणारा तो एक सर्व्हर. जिल्हाभरच्या रक्तदात्यांची यादी त्याच्याच डेटाबेसात. ऑफिस मी सांभाळते, सर्व्हर भाऊ. निवृत्तीआधी ते मलाजखंडला खाणीत मशीनवर होते. आधल्या शिफ्टनं रजिस्टरात काय लिहिलं ते वाचल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, हा तिथला नियम त्यांच्या हाडात मुरलाय. "आधी वाचाचं, मंग हात," हे मी दिवसातून दहादा ऐकते. माझा मिक्सर बिघडला तर म्हणे, "काल कोनं चालवला होता? काही लिवून ठेवलं का त्यानं?" आता मी सासूबाईंना मिक्सरचं रजिस्टर लिहायला बसवू?

गेल्या महिन्यात एका दुपारी लामत्याहून एक माणूस आला. त्याची सात वर्षांची पोरगी सिकलसेलच्या आजाराची, हॉस्पिटलात, रक्त पार उतरलेलं. हातात चिठ्ठी, ओ निगेटिव्ह. "डॉक्टर म्हन्ते दोन घंट्यांत पायजेच, मॅडम. रक्तपेढीत नाही." मी यादी उघडायला गेले तर डेटाबेस बंद.

मी ओरडले, "भाऊ, बंद करून चालू करा ना पटकन!"

"आधी वाचाचं."

"अहो, पोरगी तिकडे..."

"आंधळेपनानं हात लावला अन् यादीच गेली तं, ताई?"

लॉग सहसा ज्या फोल्डरात असतात तिथे मी पाहिलं. तिथे काहीच नाही. "तो कुठी लिवते हे त्याच्याच सेटिंगमदी लिवलं असते," म्हणत भाऊंनी सेटिंगची फाइल उघडली. त्यात पत्ता मिळाला. टायपिंग एका बोटानं! तो बाप मागे उभा राहून चिठ्ठीची घडी उघडत होता, घालत होता. भाऊ शेवटच्या ओळीपासून वर वर वाचत चालले, आणि मला वाटत होतं, कीबोर्ड हिसकावून घ्यावा.

"सापडलं. डिस्क भरली. लिवाले जागाच नाही उरली, म्हनून बसला बिचारा."

मग जागा कुणी खाल्ली ते एकेक फोल्डर बघत गेले आणि एका फोल्डरवर थबकले. मी वाकून पाहिलं. तीन वर्षांपूर्वीचे लॉग, अख्ख्या वर्षाचे! मागचे-पुढचे सगळे पुसलेले, हेच तेवढे जपून ठेवलेले.

मी भडकलेच. "लोणचं घालायचं होतं का याचं? पुसा ना ते!"

भाऊंचं बोट हवेतच राहिलं.

"पेनड्राइव्हवर घ्या हवं तर," मी जरा नरमले.

"उतरवाले पाऊन घंटा लागन." त्यांनी मागे वळून त्या बापाकडे पाहिलं. तो म्हणाला, "होईन ना, साहेब?"

"हौ. होते." भाऊंनी फोल्डर पुसला. डेटाबेस चालू केला. तेवढ्यातही नव्या लॉगच्या दोन ओळी वाचल्याच. "उठला."

ओ निगेटिव्हची चार नावं निघाली. पहिल्यानं फोन उचलला नाही, दुसरा गावाला गेलेला. तिसरे वारासिवनीचे एक गुरुजी. "निघालोच," म्हणाले, आणि खरंच वेळेत पोचले. पाच वाजता त्या बापाचा फोन आला, रक्त चढतंय, पोरीनं डोळे उघडून पाणी मागितलं. मला इतकं हलकं वाटलं की जीभ सैल सुटली. "पाहिलंत भाऊ? तुमच्या त्या कचऱ्यापायी जीव जात होता पोरीचा."

"हौ, चूक माहीच होती," ते चष्मा पुसत म्हणाले. "त्यात सुमन होती."

सुमन त्यांची बायको, तीन वर्षांपूर्वी वारलेली. माझ्याआधी माझ्याच खुर्चीवर बसायची, एवढंच मला ठाऊक.

"सकाळी ती कामाले बसली का सर्व्हर लिवे, सुमन आली. संध्याकाळी बंद करे तं लिवे, सुमन गेली. शेवटच्या दिवशी तिले इथंच चक्कर आली. मी दवाखान्यात नेऊन राह्यलो होतो अन् इकडे करंट कटला. सर्व्हर फटकन बंद."

मला शरमेनं मान वर करवेना. "भाऊ, सांगायचं तरी. ती एक ओळ मी लिहून घेतली असती."

"ते पाठ हाय मले. नऊ वाजून सात मिनिटं, सुमन आली." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "त्याच्याखाली गेल्याची ओळच नव्हती, ताई. तीन वर्सं रोज उघडून पाहो मी. नव्हतीच."