रफीकभाईंचं उभं वावर

रफीकभाई कोणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे नाही, भिंतींकडे पाहतात. आमच्या शेजारचे आजोबा वारले तेव्हा ते भेटायला आले, थोडा वेळ मान खाली घालून बसले आणि मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "ह्या भित्तीवर दुपारचं ऊन येते काय?" मुलगा रडता रडता हो म्हणाला.

अकोल्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कूलरचं दुकान. उन्हाळ्यात जेवायला फुरसत नसते. पाऊस लागला की पत्रा आणि ते एकमेकांकडे बघत बसतात. त्या रिकामपणात त्यांनी 'उभं वावर' काढलं. म्हणजे उभं शेत: भिंतीला टांगायचा कूलरच्याच पत्र्याचा सांगाडा, त्यात एकाखाली एक कप्पे, आणि कप्प्यांत मेथी, पालक, मिरची.

"जमीन आडवीच काहून पायजे, काकाजी? मानूस उभा रायते, झाड उभं रायते. मंग वावरानंच काय पाप केलं?"

पहिला नमुना खिळ्यांसकट खाली आला. दुसऱ्यातली वांगी दारावर इतकी लोंबली की घरात येणारा प्रत्येक जण वाकून येऊ लागला. रफीकभाईंना तो आदर वाटला. तिसरा माझ्या नशिबी आला. मी एसटीतून निवृत्त झालो, त्याच आठवड्यात त्यांनी न विचारता तो आमच्या गॅलरीत ठोकला.

त्यात पाणीच थांबत नसे. सकाळी घातलेलं दुपारपर्यंत गायब, संध्याकाळी पालकाची मान खाली. ज्याच्या कूलरमधून थेंब गळत नाही, त्याच्या वावराची ही चाळणी. तक्रार केली की म्हणत, "अजून एक तांब्या टाका ना. तुमाले कुटं जाचं हाये?" हे मला झोंबायचं, कारण मला खरंच कुठे जायचं नसे.

मग परतवाड्याचे एक मंगल कार्यालयवाले आले. त्यांना सबंध भिंत हिरवी करून हवी होती. हे काम मिळालं तर रफीकभाईंचं वर्ष निघणार होतं. नाही तर पाऊसभर नागपूरला कोणाच्या तरी कारखान्यात राबायला जावं लागणार होतं. मालकांची अट एकच, पंप लावा, म्हणजे पाणी घालायची कटकट नको. दुकानात ढीगभर पंप टांगून बसलेला हा माणूस म्हणाला, "पंप नाई. पानी हातानंच." मालक चहा अर्धा टाकून निघून गेले.

मला राहवेना. भांडायला म्हणून मी रफीकभाईंच्या गच्चीवर चढलो. तिथे भिंतीला टांगलेल्या कप्प्यांपुढे त्यांचे अब्बा तांब्या घेऊन उभे होते. अकोटजवळ त्यांनी जन्मभर भाजीपाला पिकवला. दुष्काळाच्या वर्षांत विहिरी आटल्या आणि कितीतरी म्हातारे वावर सोडून शहरात मुलांकडे आले, त्यांतले ते एक. आल्यावर कित्येक महिने ते भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून असायचे, हे मला ठाऊक होतं.

"पोराले कप्पा बनवता येत नाई बराबर," अब्बा मला म्हणाले. "सकाळी पानी देल्लं, आता पाह्य, कोरडं. मी नसतो तं सारं वाळलं असतं."

रफीकभाईंनी मला बाजूला घेतलं. "भोकं म्याच मोठी पाडली, काकाजी. पंप लावला तं अब्बा खाटेवरून उठतीन कायले?"

"पण मंगल कार्यालयात कुठले अब्बा?"

"तिथं म्हातारा चौकीदार हाये. म्या पाह्यला ना. हरेक घरात असा एकजन रायतेच, ज्याले कोनी काम सांगत नाई."

जिना उतरताना मला माझी निवृत्ती आठवली, तो आठवडा आठवला, आणि न विचारता ठोकलेला सांगाडा. रफीकभाईंचा राग आला. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. घरी पालक मान टाकून वाट बघत होता.

पुढच्या आठवड्यात रफीकभाई नागपूरला गेले. संध्याकाळी आमच्या कप्प्यांना पाणी घालून झालं की मी त्यांच्या गच्चीवर जातो. मग अब्बा आणि मी, दोघं मिळून, रफीकभाईंच्या कारागिरीला अंधार पडेपर्यंत नावं ठेवतो.