जांब ऊर्फ अन्य

पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला एका वाडीवर राहीबाईच्या दारात जांबाचे झाड होते, आणि ते जांबाचेच आहे याबद्दल सन १९६२ पर्यंत कोणाची काही हरकत नव्हती. फळ लहानशा अंड्याएवढे, पांढुरके-पिवळे. चावले की गुलाबाचा वास यायचा आणि तोंडभर पाणी सुटायचे. कानाशी धरून हलवले तर आत बी खुळखुळे. एप्रिलात झाड लगडले की राहीबाई टोपली घेऊन पोलादपूरच्या बाजारात बसे. झाडावरून घराला जांबवाल्यांचे घर म्हणत. नवरा मालोजी वारून नऊ वर्षे झाली तरी तिची ओळख ‘जांबवाल्या मालोजीची राहीबाई’ अशीच होती.

या गावाला ग्रामसेवक म्हणून पुण्याचा अवधूत नावाचा तरुण नेमलेला होता. तो प्रामाणिक होता, पण त्याचे नुकतेच लग्न झाले होते. पत्नी अनुपमा पुण्यात शाळेत शिकवत होती, आणि ती नोकरी सोडून पोलादपुरास येणे तिला मान्य नव्हते. अवधूतने बदलीचा अर्ज केला. त्यावर कचेरीने कळवले की, ज्याच्या टेबलावर एकही प्रकरण प्रलंबित नाही अशाच सेवकाच्या बदलीचा विचार करता येतो. अवधूतने वर्षभर राबून सत्तेचाळीस प्रकरणे निकाली काढली. शेवटचे प्रकरण निकाली निघाले त्याच दिवशी टपालाने एक परिपत्रक आले.

परिपत्रक साधे होते. जनतेच्या आहारात जीवनसत्त्वांची उणीव आढळल्याने प्रत्येक गावी जांबाची शंभर रोपे लावावीत व अनुपालन कळवावे, असा आदेश होता. खाली फळझाड विभागाचे विशेष अधिकारी ढोमणे यांची सही होती. ढोमणे साहेब मूळचे वऱ्हाडातले. राज्य एक होऊन दोन वर्षे झाली होती, त्या निमित्ताने ते इकडे बदलून आले होते. राज्य एक झाले होते, फळांचे एक होणे तेवढे राहिले होते.

अवधूत राहीबाईकडे गेला. पावसाळ्यात झाडाखाली पडलेल्या बियांना कोंब फुटून रोपांची दाटी होई. राहीबाईने ती मुळासकट, मातीच्या गोळ्यासह काढून दिली. वाडीतल्या भागोजीने आणि इतर चार जणांनी ती बांधावर, शाळेपाशी, देवळामागे लावली. अवधूतने ती स्वतः मोजली, आणि ‘जांब, नग शंभर, सर्व जिवंत’ असा अहवाल पाठवून अनुपमेला पत्र लिहिले की, दिवाळीपर्यंत येतो.

दिवाळी गेली. होळीही गेली. एप्रिलात ढोमणे साहेब स्वतः तपासणीस आले.

रोपांची पाने पाहून साहेब थबकले. त्यांनी विचारले की, जांब कुठे आहेत. अवधूतने रोपांकडे बोट दाखवले. साहेबांनी दुसऱ्यांदा तेच विचारले आणि अवधूतने दुसऱ्यांदा तेच बोट दाखवले. मग सगळे राहीबाईच्या दारात, मूळ झाडाखाली गेले. राहीबाईने पाहुण्यांना पितळेच्या ताटात फळे आणून दिली. साहेबांनी एक चावले, आतले पाणी त्यांच्या बुशकोटावर सांडले, आणि त्यांनी निर्णय दिला.

“हा जांब नाही. जांबाच्या आत गर असतो आणि गरात बारीक कठीण बिया असतात. दाताखाली कचकच लागते.”

“तो पेरू, साहेब,” राहीबाई म्हणाली. “जांब ह्यो. माझी आजेसासू याला जांबच म्हनायची.”

साहेबांनी हा मुद्दा नोंदवून घेतला. आजेसासू सक्षम प्राधिकारी नसल्याने तो फेटाळण्यात येत असल्याचेही त्याच ओळीत नोंदवले. वास्तविक साहेबांची काही चूक नव्हती. वऱ्हाडात पेरूला जांबच म्हणतात, आणि साहेबांची आजेसासूही तसेच म्हणत असणार. पण ती साहेबांची असल्यामुळे तिला पुराव्याची गरज नव्हती.

आठ दिवसांत अवधूतला नोटीस आली. जांबाच्या जागी भलतेच झाड लावून शासनाची दिशाभूल केल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये, याचा सात दिवसांत खुलासा करावा. अवधूत महाडला गेला, हायस्कुलातल्या संस्कृतच्या शिक्षिका प्रमोदिनीबाईंना भेटला आणि त्यांच्याकडून समजून घेऊन सविस्तर खुलासा लिहिला. संस्कृतात ‘जंबु’ असा शब्द आहे. त्यातूनच जांभूळ आले आणि जांबही आला. आपण पूजेला बसताना ‘जंबुद्वीपे’ म्हणतो त्यातला जंबु तो हाच. पेरू आपल्याकडे फार उशिरा, समुद्रापलीकडून आला. तो ज्या गावी पोचला तिथल्या लोकांनी त्याला हाताशी असलेले नाव दिले. कुठे पेरू, कुठे जांब. तेव्हा दोन्ही अर्थ बरोबर आहेत, सबब नोटीस मागे घ्यावी.

खुलासा फार चांगला झाला होता, आणि त्यानेच घात केला. एका शब्दाला दोन अर्थ असल्याचे शासनाच्या निदर्शनास तोवर कोणी आणून दिलेले नव्हते. ते आता लेखी आले. दोन अर्थ असलेला शब्द परिपत्रकात राहू देणे धोक्याचे होते, म्हणून फळनाम निश्चिती समिती नेमण्यात आली. अवधूतचे प्रकरण तिच्या अहवालापर्यंत प्रलंबित ठेवण्यात आले.

समितीत तीन सदस्य होते. अध्यक्ष निवृत्त मामलेदार होते. त्यांना मधुमेह असल्याने ते कोणतेच फळ खात नसत, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल सर्वांची खात्री होती. दुसरे सदस्य ढोमणे साहेब, कारण तक्रार त्यांची होती. तिसऱ्या प्रमोदिनीबाई, कारण नियमानुसार एक जाणकार घ्यावा लागत होता.

महाडच्या विश्रामगृहात बैठक झाली. टेबलावर तीन बशा ठेवल्या होत्या. जांबाच्या बशीखाली ‘नमुना क्रमांक एक’, पेरूच्या बशीखाली ‘दोन’. अवधूतच्या खुलाशात जांभळाचाही उल्लेख असल्याने तीही मागवण्यात आली होती, पण ती अजून कच्ची होती. अवधूत दाराशी उभा राहून पाणी देत होता. प्रमोदिनीबाईंनी शांतपणे सांगितले की, शब्दाचा अर्थ वापरणाऱ्यांकडे असतो. इथल्या लोकांना जांब म्हटले की काय आणायचे ते कळते, वऱ्हाडातल्या लोकांनाही कळते. परिपत्रकात एक ओळ वाढवली की काम भागेल. अध्यक्षांनी त्यांचे आभार मानले आणि विचारले की, मग समितीचे काम काय उरेल. इतिवृत्तात ‘जाणकार सदस्या निरुत्तर झाल्या’ असे लिहिले गेले.

अहवाल चौऱ्याऐंशी पानांचा झाला. त्याचा निष्कर्ष असा होता. पेरू हे एका परदेशाचे नाव असल्याने स्वतंत्र देशातील फळास ते शोभत नाही, म्हणून ते रद्द समजावे. ते फळ यापुढे जांब या नावाने ओळखले जाईल. जांब हे नाव अशा रीतीने भरले गेल्याने, यापूर्वी त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झाडास तूर्त नाव उपलब्ध नाही. त्याची नोंद ‘अन्य’ या रकान्यात करावी. जांभूळ पिकल्यावर त्याचा स्वतंत्र विचार करण्यात येईल.

अवधूतला सुटल्यासारखे वाटले. रोपे उपटून नवी लावली की प्रकरण मिटणार होते. फक्त एक कागद हवा होता. आपल्या दारातील झाड जांबाचे नाही, असा झाडाच्या मालकिणीचा जबाब.

तो जबाब आधीच लिहून अवधूत राहीबाईच्या ओटीवर गेला. तिने ऐकून घेतले आणि नाही म्हणाली. झाड जांबाचे नसले तर घर कोणाचे, असे तिने विचारले. मालोजीला गाव जांबवाला म्हणत होते, मग त्याला आता काय म्हणायचे. अवधूतने समजावले की, हे केवळ कागदापुरते आहे. झाड जागेवर राहील, फळ तसेच येईल, बाजारात ती काय ओरडते ते ऐकायला शासन येत नाही. राहीबाई सुपातले तांदूळ निवडत राहिली. अवधूतही बसून राहिला. बोलता बोलता त्याच्या तोंडून बदलीचे निघाले, अनुपमेचे निघाले. वर्षभरात दोघांची भेट अकरा दिवस झाली होती, हेही त्याने सांगून टाकले.

राहीबाईने सूप खाली ठेवले. आजवर ती त्याला तुमी म्हणत असे.

“कागदापुरतंच हाय ना रे?”

“कागदापुरतंच, मावशी.”

“मग घे अंगठा. तुझी बायको तिकडं एकली हाय.”

त्याने शाईची डबी पुढे केली. तिचा अंगठा धरून दाबताना त्याला तिच्या नजरेला नजर देता आली नाही. पण ठसा चांगला उमटला.

पावसाळ्याच्या तोंडाला ट्रकने नवी रोपे आली. भागोजीने ती उतरवताना पाने चोळून वास घेतला आणि हे तर पेरू आहेत, असे म्हणाला. अवधूतने त्याला हळूच सांगितले की, तो शब्द रद्द झाला आहे. भागोजीने मान डोलावली. त्यानेच लावलेली, कंबरेएवढी झालेली जुनी रोपे त्यानेच उपटली आणि त्याच खड्ड्यांत नवी लावली. शंभर रोपे, सर्व जिवंत. अवधूतने अहवाल पाठवला.

पंधरा दिवसांनी एकाच टपालात दोन लिफाफे आले. पहिल्यात बदलीचा हुकूम होता. तो त्याने तीनदा वाचला. दुसऱ्यात ढोमणे साहेबांचे पत्र होते. जांबाच्या रोपांना वाऱ्यापासून आधार म्हणून प्रत्येकी तीन काठ्या लावाव्यात. काठ्यांसाठी लाकूड गावातच उपलब्ध करावे. अनुसूचीतील फळझाडे तोडण्यास मनाई आहे, मात्र ‘अन्य’ या रकान्यातील झाडांस परवानगीची आवश्यकता नाही. सोबत गावातील अशा झाडांची यादी जोडली होती. यादीत एकच झाड होते, आणि त्यापुढे आधार म्हणून मालकिणीच्या जबाबाचा जावक क्रमांक दिला होता.

हरकत घेता आली असती. अवधूतने टाक उचललाही. पण हरकत घेतली की प्रकरण प्रलंबित, आणि प्रकरण प्रलंबित म्हटले की बदलीचा हुकूम आपोआप तहकूब. त्याने पत्राच्या कोपऱ्यात ‘पुढील कार्यवाहीसाठी नवीन ग्रामसेवकांकडे’ असे लिहिले, सही केली आणि दुपारची एस.टी. धरली. जाताना वाडीवर जाऊन निरोप घ्यायचे त्याच्या मनात होते, पण गाडीची वेळ झाली होती.

पुण्यात त्याचे चांगले चालले. फळांच्या नावांतला अनुभवी माणूस म्हणून पुढे समितीच्या कामावरही त्याला घेण्यात आले. कारण समिती बरखास्त झालेली नव्हती. जांभळाचा विचार अद्याप चालू होता.

इथवर वाचून आपल्या मनात एक प्रश्न आला असेल. मग खरा जांब कोणता? प्रश्न रास्त आहे, आणि ज्यांना तो पडला त्यांचे समितीवर स्वागत आहे. सदस्यत्वासाठी तेवढीच पात्रता लागते. राहीबाई पुढच्या एप्रिलात टोपलीत काय घेऊन बाजारात बसली, असा प्रश्न ज्यांना आधी पडला असेल त्यांनी कृपया आपले नाव वेगळ्या कागदावर लिहून द्यावे. त्यांची नोंद ‘अन्य’मध्ये करण्यात येईल.