प्यो साहेबांच्या पोटाची विश्रांती

प्यो ग्यू-होला टीमप्रमुख होऊन अडीच महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत त्याच्या माणसांनी त्याला एकदाही ‘नाही’ म्हटलं नव्हतं. एवढ्यानंच त्याची झोप उडाली होती.

माणसं तीनच. बावन्न वर्षांचे ह्वांग दुक-सू, ज्यांना डावलून एकोणतीस वर्षांच्या ग्यू-होला ही खुर्ची मिळाली होती. सगळं वहीत टिपून घेणारी कांग यन-सो. आणि आधी ह्वांगकडे बघून मग मान हलवणारा बॉन-ह्योक. कारखाना कोरियातल्या चांग्वॉन शहरातला, माल म्हणजे भाताच्या कुकरच्या रबरी रिंगा. शुक्रवारी तिघांनी साहेबांबद्दल गुप्त अभिप्राय भरून द्यायचा होता. तो वाईट आला की ग्यू-हो परत जुन्या टेबलावर, आणि तेही ह्वांगच्या हाताखाली.

नेतृत्वाच्या शिबिरात सांगितलं होतं, माणसांच्या मनात काय आहे ते ओळखा. आता मनात शिरायचं कुठून? ग्यू-होनं जेवणाची वेळ धरली.

“काय मागवू या?” सोमवारी त्यानं विचारलं.

“तुम्ही घ्याल तेच, साहेब,” तिघं म्हणाले.

त्यानं किमचीचं कालवण मागवलं. चार आली. हे लोणी लावणं म्हणायचं की चेष्टा? मंगळवारी त्यानं मुद्दाम तिखटजाळ ऑक्टोपस मागवला. तेही चार आले. बॉन-ह्योकच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो म्हणत होता, “छान आहे, साहेब.” बुधवारी ग्यू-होनं आजाऱ्याची पेज सांगितली. चौघं मुकाट पेज प्यायले. यन-सोनं वहीत काहीतरी टिपलं, ते बघून तर ग्यू-होच्या घशाखाली घोट उतरेना.

गुरुवारी त्यानं शेवटचा डाव टाकला. “आज मी पोटाला विश्रांती देणार. तुम्ही जा जेवायला.”

“मग आम्हीही देतो,” ह्वांग शांतपणे म्हणाले.

आता खात्रीच पटली. यांचा काहीतरी कट आहे.

एक वाजता मात्र पोटात कावळे ओरडायला लागले. “गोदामात चक्कर मारून येतो,” असं पुटपुटत ग्यू-हो सटकला आणि मागच्या गल्लीतल्या खानावळीत शिरला. कोपऱ्यात ह्वांग थंड शेवया ओढत होते. खिडकीशी यन-सो कटलेट कापत होती. खांबाआड बॉन-ह्योक होता आणि त्याच्यापुढे भाताच्या दोन वाट्या. तिघांची एकमेकांकडे पाठ, म्हणजे त्यांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. साहेबांना बघून तिघं ताडकन उभे राहिले आणि भरल्या तोंडानं वाकले.

“आमच्या मागावर आलात का, साहेब?” ह्वांगनी घास गिळून विचारलं.

हो म्हणावं तर खोटं, आणि नाही म्हणावं तर पोटाच्या विश्रांतीची थाप उघडी पडणार. “भूक लागली होती हो,” ग्यू-हो म्हणाला. “तुम्ही तिघं माझ्याविरुद्ध काय करताय, ते एकदाचं सांगून टाका ना.”

“विरुद्ध? अहो, आमचंही शिबिर झालं, तुमच्याच मास्तरांकडे. तरुण साहेबाला विरोध करू नका, बिचारा बिथरतो, असं शिकवलंय आम्हाला.”

यन-सोनं वही पुढे केली. ‘बुधवार. साहेबांचं पोट नाजूक. जपावे.’

“आम्हाला वाटलं, तुम्हीच आमची परीक्षा घेताय,” बॉन-ह्योक म्हणाला. “माझी जीभ अजून भाजतेय, साहेब.”

ग्यू-हो ह्वांगच्या टेबलाशी बसला. ह्वांगनी खिशातून अभिप्रायाचा कागद काढला, हाताचा आडोसा केला आणि लिहायला घेतलं. “तिकडे बघा, साहेब.”

ग्यू-होनं निमूटपणे भिंतीकडे तोंड केलं. तिथं पाण्याचा स्टीलचा जग होता, लख्ख घासलेला. त्यात कागद दिसत होता, पण उलटा. त्यानं मान किंचित तिरकी केली.

ह्वांग उठले, जग उचलून शेजारच्या टेबलावर ठेवून आले.

“‘साहेब मनानं चांगले आहेत’ इथवर लिहून झालंय,” ते म्हणाले. “पुढे पूर्णविराम द्यायचा का ‘पण’ लिहायचं, ते आता तुमच्यावर आहे.”

ग्यू-होनं डोळे गच्च मिटले आणि तसाच म्हणाला, “मावशी, मला थंड शेवया.”