चालू बॉयलरचे उद्घाटन

चुलीवर भाकरी आणि शेजारच्या वैलावर वरण, अशी एका जाळात दोन कामे होतात, हे मानवजातीला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यासाठी समन्वय समिती लागते, हे मात्र अलीकडेच लक्षात आले.

ती समिती नागपुरात स्थापन झाली तेव्हापासून तिचे सभावृत्त मी लिहितो. पूर्ण नाव 'उष्णता व वीज सहनिर्मिती प्रोत्साहनार्थ शासन-उद्योग सहकार्य समन्वय समिती'. (पहिल्या दोन बैठका 'सहकार्य' आधी की 'समन्वय' आधी, यातच गेल्या. त्या फार खेळीमेळीच्या झाल्या.) उद्देश स्तुत्य होता. वीज तयार करताना उरलेली उष्णता आपण आकाशाला अर्पण करतो. ती कारखान्याच्या कामी लावली तर एकाच इंधनात वीजही होते आणि वाफही मिळते. समितीत सहा सदस्य शासनाचे, सहा उद्योगांचे. शासन म्हणे, उद्योगांनी पुढाकार घ्यावा, आम्ही पाठीशी आहोत. उद्योग म्हणत, शासनाने पुढाकार घ्यावा, आम्ही पाठीशी आहोत. अशी बारा माणसे एकमेकांच्या पाठीशी उभी राहिली, आणि पुढे कोणीच नसल्याने कधी धक्काबुक्की झाली नाही.

उद्योगांचे नेतृत्व भैय्याजींकडे होते. भैय्याजी इतवारी बाजारातले भांड्यांचे ठोक व्यापारी. भांडे शेवटी आगीवरच चढते, या निकषावर त्यांची तज्ज्ञ म्हणून निवड झाली.

चौदाव्या बैठकीत एक आदर्श प्रकल्प शोधण्याचे ठरले. तेव्हा शासनाच्या बाजूचे सर्वांत कनिष्ठ सदस्य, सहायक अभियंता धम्मानंद गजभिये, हळूच म्हणाले की असा प्रकल्प मौद्याजवळ चार वर्षांपासून चालू आहे. सभागृहात शांतता पसरली. (सभावृत्तात मी 'समाधान' असे लिहिले.)

तो प्रकल्प म्हणजे सिंधूताई हटवार यांची उकड्या तांदळाची राइस मिल. पन्नाशीच्या सिंधूताई दहावीपर्यंत शिकलेल्या. बंद पडलेल्या एका साखर कारखान्याचे छोटे टर्बाइन त्यांनी लिलावातून उचलून आणले होते. बॉयलरमध्ये धानाचा भुसा जळायचा, वाफ आधी टर्बाइन फिरवायची आणि मग त्याच वाफेवर धान उकडायचे. मिलमध्ये तीस बाया कामाला होत्या. उरलेली वीज सरकारी लाईनीत सोडायची परवानगी मिळाली, तर दुसरी पाळी काढून आणखी वीस बायांना काम देता येईल, असा सिंधूताईंचा साधा अर्ज होता. तो दीड वर्षापासून फिरत होता. त्या अर्जाने विदर्भ फार जवळून पाहिला.

अडचण उष्णतेची होती. वीज कोणत्या खात्याची, हे सर्वांना माहीत होते. उष्णता कोणाचीच नव्हती. अखेर कसून शोध घेतल्यावर शासनदरबारी 'उष्णता' हा शब्द एकाच ठिकाणी सापडला : उष्माघात प्रतिबंधक कक्षात. फाइल तिकडे गेली. मे महिन्यात कक्षाचे दोन कर्मचारी मिलवर आले, त्यांनी बॉयलरचे तापमान एकशे ऐंशी अंश नोंदवले आणि 'तीव्र लाट, स्थानिक स्वरूपाची' असा अहवाल दिला. दुपारी बारा ते चार बॉयलरने उन्हात जाऊ नये, त्याच्याजवळ ओले फडके व ताक ठेवावे, अशा सूचना केल्या. सिंधूताईंनी त्या तंतोतंत पाळल्या.

"ताक ठेवलं साहेब," त्यांनी गजभियांना फोनवर सांगितले. "बॉयलरनं काही पेलं नाई. गोविंदानं पेलं." (गोविंदा हा बॉयलर सांभाळणारा माणूस. त्याचे तापमान सर्वसाधारण होते.)

यानंतर अर्जातला एक रकाना आडवा आला. 'उत्पादन : उष्णता / वीज. लागू नसेल ते खोडावे.' सिंधूताईंनी काहीच खोडले नाही, म्हणून अर्ज दोनदा परत आला. एका इंधनात दोन उत्पादने घेणे हा दुहेरी लाभ होतो, असा आक्षेप होता. तोच समितीचा उद्देश आहे, हे गजभियांनी दाखवून दिले. समितीने स्वतःचा उद्देश प्रथमच वाचला आणि तो एकमताने मंजूर केला.

मग पंधराव्या बैठकीत भैय्याजींनी खरा मुद्दा मांडला. समितीचे काम प्रोत्साहन देणे. चालू असलेल्या गोष्टीला प्रोत्साहन द्यायचे कसे? "चालू गाडीले धक्का कसा माराल गा? पयले थांबवा तं लागन ना." तर्क बिनतोड होता. मिल एकवीस दिवस बंद ठेवावी, म्हणजे प्रकल्प नवा ठरेल आणि प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते सुरू करता येईल, असा ठराव झाला. गजभिये उभे राहून म्हणाले की हा शुद्ध वेडेपणा आहे. मी 'चर्चेत सहभाग घेतला' अशी नोंद केली.

निरोप द्यायला गजभिये स्वतः मौद्याला गेले.

"चालू हाय म्हणून बंद करू?" सिंधूताईंनी विचारले.

"हो, ताई."

"काहून?"

गजभियांनी बाहीवरचा भुसा झटकला. "सुरू करता यावं म्हणून," ते म्हणाले.

सिंधूताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग आत काम करणाऱ्या बायांकडे लक्ष गेले आणि त्यांचे हसू थांबले. एकवीस दिवस तीस घरे बसून राहणार होती. त्यांनी सगळ्यांना बोलावून विचारले. सुभद्रा नावाची सर्वांत जुनी कामकरीण म्हणाली, आणखी वीसजणी येत असतील तर बसू. आणि बॉयलर थंड झाला.

उद्घाटनाची वेळ सकाळी नऊची होती. म्हणून बायांनी आदल्या संध्याकाळीच धान भिजत घातले. मंडपात चारशे खुर्च्या, बारा कूलर आणि एक भाड्याचा जनरेटर होते. पाहुणे नऊला आले नाहीत. अकराला आले नाहीत. पावणेबाराला जनरेटरचे डिझेल संपले आणि त्याच सुमारास भिजलेल्या धानाला वास येऊ लागला. सिंधूताईंनी नाकाला पदर लावून टाकीत हात घातला, मूठभर धान हुंगले आणि गोविंदाला एवढेच म्हणाल्या, "पेटव."

तासाभरात बॉयलर चढला, टर्बाइन फिरले, धान उकडू लागले आणि मंडपातले बाराही कूलर त्याच विजेवर घुमू लागले. पाहुणे दीड वाजता आले आणि शिरताच म्हणाले, वा, व्यवस्था उत्तम आहे. इतक्यात भैय्याजींना चिमणीतून धूर दिसला. चालू प्रकल्पाचे उद्घाटन करणे पाहुण्यांचा अवमान ठरला असता. पाच मिनिटे बंद करा, असा निरोप आत गेला. सिंधूताईंनी वाफ बंद केली.

कूलर थांबले. माईक बंद पडला. पडदा उघडणारे विजेचे बटण पाहुण्यांनी नऊ वेळा दाबले. पारा चव्वेचाळीसवर होता. भाषण कोणालाही ऐकू न आल्याने ते निर्विवाद ठरले. सातव्या मिनिटाला दोन मान्यवर खुर्चीतच कलंडले आणि उष्माघात कक्षाने प्रथमच आपल्या विषयात काम केले.

सिंधूताईंनी कोणाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. त्या गेल्या आणि स्वतःच्या हाताने झडप उघडली. कूलर घुमले, पडदा झर्रकन वर गेला आणि जिवंत झालेल्या माईकवरून पाहुण्यांचे वाक्य अर्ध्यातून सर्वदूर ऐकू आले : "...कोण्या गाढवानं बंद केला रे हा चालू कारखाना?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात टाळ्या भैय्याजींच्या होत्या.

पाहुणे गेल्यावर सिंधूताईंनी गजभियांपुढे उकड्या तांदळाचा वाफाळता भात ठेवला. "साहेब, मले प्रोत्साहन नको," त्या म्हणाल्या. "मले धान उकडाचं हाय." ते शब्द गजभियांना लागले असावेत. त्या आठवड्यात त्यांनी समितीनेच छापलेली आणि कोणीही न उघडलेली नियमपुस्तिका पहिल्यापासून वाचून काढली. एकशे बाराव्या पानावर त्यांना आढळले, की एवढ्या लहान प्रकल्पाच्या परवानगीला सहायक अभियंत्याची सही पुरते. म्हणजे त्यांचीच. मौद्याला जाऊन धानाच्या पोत्यावर कागद ठेवून त्यांनी सही केली, तेव्हा सुभद्रा म्हणाली, "एवढंच होतं काय वं, ताई?" सिंधूताई आणि गजभिये, दोघेही आधी लाजले आणि मग पोट धरून हसले.

वीस बाया कामाला लागल्या. प्रोत्साहन न घेता प्रकल्प पुढे जाऊ दिल्याबद्दल गजभियांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. तिचे उत्तर त्यांनी एका ओळीत दिले : 'नजरचुकीने काम झाले.' समितीने खुलासा मान्य केला, कारण अशी चूक पुन्हा होईल असे कोणालाच वाटले नाही.

आता समितीपुढे जनजागृतीचे काम आहे. दहा हजार नागरिकांना या विषयाचे प्रशिक्षण द्यायचे होते. हा वृत्तांत शेवटपर्यंत वाचणाऱ्यास प्रशिक्षित समजावे, असे सतराव्या बैठकीत ठरले. आपण शेवटपर्यंत आलात, तेव्हा आपली नोंद केली आहे. हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे. आजवरच्या नऊ हजार चारशे वाचकांपैकी एकानेही कळवलेले नाही. ते सगळे हसले, काय हा कारभार म्हणाले आणि पान उलटून आपापल्या कामाला लागले. आपणही तेच कराल, या खात्रीने आपल्या नावापुढे 'शासनास पूर्ण सहकार्य केले' असा शेरा मी आधीच मारून ठेवला आहे.