मंजुषाताई आणि इन्सुलिनचा फ्रिज

भोसरीत वीस वर्षं मेडिकल चालवतोय मी. सरकारी नोटीस कशी जिरवायची हे मला कुणी शिकवू नये. निदान गेल्या महिन्यापर्यंत तरी माझं असंच मत होतं.

झालं असं, की औषध खात्याचे इन्स्पेक्टर आले आणि त्यांनी इन्सुलिनचा फ्रिज उघडला. आत माझं दही आणि शेजारी अर्धं कलिंगड. मग फ्रिजच्या तापमानाची वही मागितली. ती आम्ही कधी ठेवलीच नव्हती. आठवड्याने नोटीस आली: परवाना रद्द का करू नये?

"अहो, घर चालतं ह्या दुकानावर," अंजली म्हणाली. अंजली माझी बायको, दुकानातली फार्मासिस्टही तीच. "चिंचवडच्या मंजुषाताईंकडे चला. आधी बी.फार्म झाल्यात, मग वकील."

"मला वकील पाहिजे, गोळ्या मोजणारी नको," मी म्हणालो. पण गेलो. जाण्याआधी मात्र स्वतःचं डोकं चालवलं. दुपारभर बसून सहा महिन्यांची वही लिहून काढली. रोज दोन वेळा, चार डिग्री. तीन वेगळी पेनं वापरली, कोपऱ्यांवर चहा सांडला. इतकं मन लावून मी दहावीचा पेपरसुद्धा लिहिला नव्हता.

ताईंनी वही चाळली. मिनिटभर, फार तर.

"शेखरभाऊ, तुमच्याकडे गुरुवारी लाईट नसते ना?"

"नसते. सकाळी जाते ती संध्याकाळीच येते."

"इन्व्हर्टर?"

"पंख्यापुरता."

"मग दर गुरुवारी दुपारी चारला फ्रिजमध्ये चार डिग्री कशी?"

"फ्रिज चांगल्या कंपनीचा आहे," मला एवढंच सुचलं.

"आणि इन्सुलिन ठेवता कुठं?"

"मागं, बर्फाला टेकवून. जास्त गार राहावं म्हणून."

ताईंनी चष्मा काढला. "तिथं ते गोठतं. एकदा गोठलं की वाया गेलं. पेशंट इंजेक्शन घेत राहतो आणि साखर काही उतरत नाही. कुणाकुणाला दिलंय?"

इन्सुलिन आमच्याकडूनच नेणाऱ्या शालनबाई महिनाभर सांगत होत्या, "साखर उतरतच न्हाई रं." आणि मी शहाणा त्यांचा भात बंद करत बसलो होतो.

ताईंनी वही माझ्या हातात परत दिली. "ही मी दाखल करणार नाही. खरं काय ते सांगू. आधी सगळ्यांचं इन्सुलिन बदलून द्या, आजच."

बावीस घरी फोन केले. शालनबाईंकडे स्वतः गेलो, मुकाट्याने शिव्या खाल्ल्या.

सुनावणीत ताईंनी दही कबूल केलं, कलिंगड कबूल केलं, वही नसल्याचंही कबूल केलं. संपलं दुकान, मला वाटलं. मग त्या बोलायला लागल्या. कुठलं औषध किती डिग्रीत किती दिवस टिकतं, कायद्याचं कलम काय म्हणतं, बावीस पेशंटना काय बदलून दिलं, सगळं कागद न बघता. काय बाई आहे राव! सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. इन्स्पेक्टर टिपून घ्यायला लागले. आरोपी आपणच आहोत हे मी विसरूनच गेलो. टाळ्या वाजवणार होतो, अंजलीने हात धरला.

परवाना वाचला. सात दिवस दुकान बंद आणि एक हमीपत्र, बस. ताईंनी ते तिथंच लिहिलं. मी इतका भारावलो होतो की न वाचताच सही ठोकली.

घरी येऊन वाचलं. "परवानाधारक श्री. शेखर यापुढे औषधांच्या फ्रिजला हात लावणार नाहीत."

आता कुणी इन्सुलिन मागितलं, की दुकानाचा मालक हाताची घडी घालतो आणि अंजलीला हाक मारतो.