सातव्या तासाला दोघं

शनिवारी सकाळी दहा वाजता तासमास्तरांचा कॉम्प्युटर मंगळवारच्या तिसऱ्या तासाला बंद पडला.

तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. प्रिंटर करकरत शाळेचं नवं वेळापत्रक छापत होता. सोमवार पूर्ण झाला, मंगळवारचे दोन तास कागदावर उतरले, आणि स्पीकरमधून 'टँऽऽऽ' असा जो सूर लागला तो थांबेचना. पडदा थिजला. माउस हलवला तरी बाण जागचा हलेना. मास्तरांनी मशीनच्या अंगावर दोन चापट्या मारून पाहिल्या, कारण शाळेतला पंखा त्यानेच सुरू व्हायचा. शेवटी बटण दाबून मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा छापायला लावलं. या खेपेला गाडी सोमवारच्या मधल्या सुट्टीच्या पुढे सरकली नाही.

मास्तर शिकवायचे गणित, पण शाळेत त्यांना गणितासाठी कुणी ओळखत नव्हतं. एकोणीस वर्षं शाळेचं वेळापत्रक त्यांनीच केलेलं, म्हणून ते तासमास्तर. जेवणाच्या टेबलाएवढा कागद, चार रंगांच्या पेन्सिली आणि एक खोडरबर एवढ्या भांडवलावर त्यांनी तेवीस शिक्षक आणि चौदा वर्ग असे बसवले होते, की एका वर्गात एकाच तासाला दोन शिक्षक आले, असं एकदाही घडलं नव्हतं. याला मास्तर 'टक्कर' म्हणत. "एकोणीस वर्षांत एक टक्कर नाही," हे वाक्य ते कुणी विचारलं नाही तरी सांगत.

पण यंदा रसायनशास्त्राला एक नवे सर आले. त्यांनी शिक्षकांच्या खोलीत कॉम्प्युटरवर केलेलं एक नमुन्याचं वेळापत्रक सगळ्यांना दाखवलं, आणि मुख्याध्यापिका बाईंना ते एकदम आवडलं. मास्तरांनी लगोलग पंधरा दिवसांत कॉम्प्युटर घेतला, प्रिंटर घेतला आणि एका बोटाने सगळं वेळापत्रक टाईप केलं. बाईंनी मुदत दिली होती, शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत छापील प्रत त्यांच्या घरी. "नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका हं सर," त्या गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "रसायनाचे सर तयारच आहेत."

तेव्हा छापणं भागच होतं. मास्तरांनी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"काका, नवीन काही बसवलंय का मशीनमध्ये?"

"मी नाही. तुम्हीच बसवलंत गेल्या आठवड्यात. आमच्या घरच्यांना गाणी ऐकायची होती, ते कार्ड."

मास्तरांच्या घरचे म्हणजे त्यांची बायको. ती त्याच शाळेत संगीत शिकवायची. मुलांना सरावासाठी साथीची चाल मशीनवर भरून द्यावी, म्हणून तिनं ते साउंड कार्ड बसवून घेतलं होतं. आत्ताही ती शाळेत मुलांची तालीम घ्यायला गेली होती.

"मग बरोबर," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "असं बघा काका, आतल्या प्रत्येक पार्टला हाक मारायला एक नंबरची लाइन असते. तुमचा प्रिंटर आहे सात नंबरवर. आणि हे साउंड कार्डपण सातवरच जाऊन बसलंय. दोघं एकदम बोलायला लागतात, मशीनला कळत नाही कुणाचं ऐकायचं. म्हणून लटकतं."

मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले. "सातव्या तासाला दोघं! अहो, ही तर टक्कर!"

"तसंच समजा. आता कार्ड काढा, त्यावर बारीक पिना असतात, एक काळी टोपी असते. ती टोपी सातवरून काढून..."

"पुढचं मला सांगू नका."

"काका, ऐकून तर घ्या, लाइन एकूण..."

"एकोणीस वर्षं हेच करतोय हो मी!" असं म्हणून मास्तरांनी आनंदाने फोन ठेवला.

ज्या मशीनने सकाळपासून त्यांच्या नाकी नऊ आणले होते, ते आता त्यांना एकदम घरचं वाटायला लागलं. त्यांनी मोठा कागद पसरला, पेन्सिलींना टोक केलं, आणि पडद्यावर बघून मशीनचं वेळापत्रक मांडलं. एक नंबरवर कीबोर्ड. दोनवर मशीनचं स्वतःचंच काहीतरी काम. चारवर माउस. पाचवर मोडेम, म्हणजे फोनवरून इंटरनेट आणणारा तो किंचाळणारा डबा. सहावर फ्लॉपी, आठवर घड्याळ. तीन नंबर होता मागच्या एका पोर्टच्या नावावर. त्या पोर्टला काही जोडलेलंच नव्हतं, पण रजेवरच्या शिक्षकाच्या तासाला मास्तर कधी हात लावत नसत. सातवर प्रिंटर होताच. आठ रकाने भरले आणि, शाळेत तास आठच म्हणून, मास्तरांनी खाली जाड रेघ मारली.

मशीन उघडून त्यांनी साउंड कार्ड बाहेर काढलं. पिनांशेजारी बारीक आकडे छापलेले होते, पाच, सात आणि दहा. दहा बघून मास्तर हसले. तो काहीतरी कंपनीचा माल क्रमांक असणार. दहावा तास जगातल्या कुठल्याच शाळेत नसतो. त्यांनी काळी टोपी चिमट्यात धरून पाचवर बसवली.

आता पाचवर मोडेम आणि साउंड कार्ड दोघं आले. मशीन सुरू होतानाच अडकलं. हे मास्तरांना अपेक्षितच होतं. खो-खोला पाचवा तास दिला की कवायतीचे सर मैदानासाठी भांडायला येतात, त्यातलाच प्रकार. त्यांनी मोडेम उचलून चारवर टाकला. मशीन सुरू झालं. मास्तरांनी विजयी मुद्रेनं माउसला हात लावला, तर चारवरच्या माउसची आणि मोडेमची जुंपली. बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन थरथरला आणि मशीन पुन्हा थिजलं. मग त्यांनी माउस मागच्या दुसऱ्या भोकात खुपसला. तो रजेवरच्या शिक्षकाचा तास निघाला. तो तर हजर झाला, पण मशीन आता माउसला चारवर शोधत बसलं आणि चारवर मोडेम शिट्ट्या घालत होता.

दोन वाजले. मशीनचं झाकण निघालेलं, स्क्रू चष्म्याच्या डबीत, जेवण गार झालेलं, आणि कागदावर एवढी खोडाखोड, की खोडरबराच्या चुऱ्याने टेबल भरलेलं. बाईंचं 'वाईट वाटून घेऊ नका हं सर' कानात घुमायला लागलं. मास्तरांची पाचावर धारण बसली.

मग त्यांनी तेच केलं जे ते दरवर्षी शेवटच्या दिवशी करायचे. ज्याच्यामुळे सगळी भानगड, त्यालाच उठवलं. मोडेम परत पाचवर, माउस परत चारवर, आणि साउंड कार्ड काढून सोफ्यावर ठेवलं. प्रिंटर लावला. सोमवार, मंगळवार, बुधवार, शनिवारपर्यंत सगळं न अडखळता उतरलं. मास्तरांनी चहा केला आणि स्वतःशीच म्हणाले, एकोणीस वर्षांत एक टक्कर नाही.

तीन वाजता बायको घरी आली. तिनं चपला काढल्या, पाणी प्यायली आणि थेट कॉम्प्युटरसमोर बसली.

"सोमवारी मुलांना चाल द्यायचीय. वाजवून बघते एकदा." तिनं दोनदा क्लिक केलं. "अहो, आवाज येत नाहीये."

"नाही येणार. त्याला सुट्टी दिलीय."

"कुणाला?"

मास्तरांनी सोफ्याकडे बोट दाखवलं. "प्रिंटरची आणि त्याची टक्कर होत होती सातवर. दोघांपैकी एकाला उठावं लागणारच ना!"

टेबलावरचं ताजं वेळापत्रक उचलून तिनं स्वतःच्या नावाची ओळ शोधली. ओळ शोधायला वेळ लागला, कारण त्या ओळीत फारसं काही नव्हतं.

"माझे चार तास होते. इथे एकच दिसतोय."

"ते जरा... पाचवी ब, सहावी अ आणि सातवी ब, तिघांचा सातवा तास. गणिताशी टक्कर होती."

"गणित म्हणजे तुम्ही."

"अभ्यासक्रम केवढा मोठा आहे तुला माहितीय! आणि तुझे तास वाचवले असते तर लोक म्हणाले असते, बायकोला झुकतं माप देतो."

बायको उठली, खुर्चीवर चढली आणि कपाटावरच्या गुंडाळ्या खाली काढायला लागली. एकोणीस वर्षांचे एकोणीस कागद मास्तरांनी रबर लावून जपून ठेवले होते. तिनं पहिला सोडला, खिडकीजवळ नेऊन उजेडासमोर धरला. "या. बघा."

खोडलेली पेन्सिल कागदावरून कधी पूर्ण जात नाही. उजेडासमोर धरल्यावर 'गणित'च्या खाली पुसट 'संगीत' दिसत होतं. मास्तरांनी दुसरा कागद सोडला. तिथे 'इतिहास'खाली 'संगीत'. तिसऱ्यावर 'ग्रंथालय'खाली. दरवर्षी कुठे ना कुठे टक्कर झाली होती, आणि दरवर्षी एकच विषय उठून बाहेर गेला होता. शेवटच्या वर्षी तर खोडरबर इतकं घासलं होतं की कागदाला भोक पडलं होतं.

"एकोणीस वर्षांत एकही टक्कर कशी नाही, ते मला आज कळलं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं.

मास्तरांना खरोखर लाज वाटली. त्यांनी पुन्हा कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"हं काका, झालं ना?" कॉम्प्युटरवाला म्हणाला.

"झालं, पण ते कार्ड बाहेर काढावं लागलं. आठही लाइन भरलेल्या आहेत हो."

"आठ? काका, आठ कुणी सांगितलं? सोळा असतात!"

"सोळा?"

"तेच सांगत होतो सकाळी, तुम्ही फोन ठेवलात. दहा नंबर रिकामी पडलीय तुमच्याकडे, पहिल्या दिवसापासून. टोपी दहावर टाका, कुणाला हलवायची गरज नाही."

मास्तरांनी फोन ठेवला आणि मोठ्या कागदावर मारलेल्या जाड रेघेकडे बघत राहिले. रेघेखाली अर्धा कागद कोरा होता. मग त्यांची नजर खिडकीजवळच्या गुंडाळ्यांकडे गेली. एकोणीसच्या एकोणीस कागदांवर त्यांच्या स्वतःच्या ओळीत आठव्या तासाला तीन दिवस 'वे.' लिहिलेलं होतं. वे. म्हणजे वेळापत्रकाचं काम. वर्षातून एकदा करायच्या कामासाठी आठवड्याचे तीन तास, आणि तेवढी तीन अक्षरं पेन्सिलीने नव्हे, शाईने लिहिलेली. पाचवी ब, सहावी अ आणि सातवी ब आठव्या तासाला स्वाध्यायाच्या नावाखाली खिडकीबाहेर बघत बसायच्या, तेही नेमक्या त्याच तीन दिवशी. यंदाच्या छापील प्रतीतही तेच होतं.

"काळी टोपी कुठे ठेवलीत?" बायकोनं विचारलं. तिनं कार्ड हातात घेतलं होतं.

टोपी शर्टाच्या खिशात सापडली, खडूच्या तुकड्यांबरोबर. तिनं ती दहावर बसवली, मास्तरांनी स्क्रू पिळले. मग ते कीबोर्डसमोर बसले आणि एका बोटाने स्वतःचे तीन रिकामे तास भरून टाकले. गणित आठवर गेलं. तिन्ही वर्गांच्या सातव्या तासाला त्यांनी 'संगीत' टाईप केलं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

"तू चाल लाव," मास्तर म्हणाले.

"आधी छापून घ्या. पुन्हा लटकलं तर?"

"लाव तू."

तिनं चाल लावली. त्यांनी छापायला लावलं. प्रिंटर करकरायला लागला आणि स्पीकरमधून सूर निघायला लागले. दोघंही श्वास रोखून उभे राहिले. सोमवार गेला. मंगळवारचा तिसरा तास आला आणि गेलासुद्धा. पाचाला दहा कमी असताना शनिवार बाहेर पडला, आणि मास्तर चपला घालायच्या नादात एका पायात बायकोची चप्पल घालून निघाले. बाईंच्या दारात पोचले तेव्हा पाचाला एक मिनिट कमी होतं. बाईंनी आधी कागदाकडे पाहिलं, मग पायांकडे, आणि "छान झालंय सर" म्हणाल्या.

शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले. एका दुपारी बाईंनी मास्तरांना खोलीत बोलावलं. घरी परतले तेव्हा ते जरा गंभीर दिसत होते.

"काय म्हणाल्या बाई?" बायकोनं विचारलं.

"वेळापत्रकाबद्दल तक्रार आलीय. एकोणीस वर्षांत पहिलीच."

तिचा चेहरा उतरला. "माझ्या तासांबद्दल?"

"हो. रसायनाच्या सरांची. त्यांची प्रयोगशाळा सातवी बच्या शेजारी आहे ना!"

"काय तक्रार आहे त्यांची?"

मास्तरांनी चपला काढून नीट जोडीने ठेवल्या.

"म्हणतात, आवाज येतो."