अप्पांचा लाजाळू मासा

माणसाचं दुःख कसं घालवायचं हे मला विचारा! आई गेल्यापासून अप्पा घुम्यासारखे बसायचे. ताटातली भाकरी ताटातच. मी ठरवलं, घरात एक जीव आणायचा! पुण्याहून काचेची टाकी, प्रवाळाचे दगड आणि बोटाएवढा मासा आणला. अर्धा जांभळा, अर्धा पिवळा, थेट आईच्या इरकल साडीसारखा!

टाकीत सोडल्याबरोबर मासा दगडाच्या कपारीत शिरला तो शिरलाच. जातच तसली लाजाळू!

शेजारच्या गौरम्मा मात्र लगेच हजर.

"अमरेश, आई गेली म्हनून घरात मासा आणलास? लिंगायत आपण, गळ्यात लिंग हाय की रं!"

"खायला न्हाय गौरम्मा," अप्पा म्हणाले. "बोलायला आणलाय."

किती दिवसांनी तोंड उघडलं! मी माझीच पाठ थोपटली.

"ही तर नुसती दगडं हायत!"

"आत हाय त्यो. आमची ही बी अशीच की. पाव्हणे आले की चुलीपुढनं हलायची न्हाय."

अप्पा टाकीपुढेच जेवायला लागले. बोलायचे, वाट बघायचे. मासा काही बाहेर येईना.

मग नळाला पाणी यायचा दिवस उजाडला. त्या दिवशी घरातलं सगळं शिळं पाणी ओतून ताजं भरायचं, हा आईचा नियम. मी ऑफिसात. अप्पांचा फोन!

"अमरेश, पळत ये! त्यो बाहेर आलाय!"

"काय सांगता!"

"ताजं पाणी भरलं की! जुनं चाखून बघितलं, पार नासलंतं. लई खारट!"

मी तसाच घराकडे पळत सुटलो. समुद्राच्या माशाला खारटच पाणी लागतं, हे मी अप्पांना सांगितलंच नव्हतं!

घरी पोचलो तर निम्मी गल्ली टाकीपुढे. मासा वर येऊन गरगर फिरत होता.

"बघ, कसा खेळतोय!" अप्पा लहान पोरासारखे हसत होते.

मी स्वयंपाकघरात धावलो, मूठभर मीठ घेऊन आलो. तोवर तो आडवा झाला होता.

"झोपला व्हय रे?"

"अप्पा... गेला तो. त्याला खारंच पाणी लागायचं."

अप्पांनी काचेवर हात ठेवला.

"तुझी आई बी शेवटच्या दिवशी उठून बसली. चहा मागितला, हसली. मला वाटलं, बरी झाली."

आई गेली तेव्हा न रडलेले अप्पा टाकीला कवटाळून हमसाहमशी रडायला लागले. गौरम्मांनी तोंडाला पदर लावला. आणि मी? मुठीत मीठ घेऊन तसाच उभा! ते कुठं टाकावं, तेसुद्धा सुचेना.